मी त्या निवेदनावर सही का केली नाही

रविवारी रात्री मारुतीच्या पारावर आमच्या कॉलनीची बैठक झाली. कोपऱ्यावरच्या गाळ्यात बिअर शॉपी काढायला अर्ज गेलाय, त्याला विरोध करायचा, एवढाच विषय. निवेदन आधीच टाईप करून आणलेलं होतं. कागद फिरत फिरत माझ्याकडे आला, मी वाचला आणि सही न करता पुढे दिला. त्यानंतर पारावर कुणी काही बोललं नाही. पण सकाळी दुधाच्या वेळी रामराम घालणारे दोघंजण आता मोबाईलमध्ये बघत पुढे जातात. शेजारच्या वहिनी मात्र दुकानात येऊन तोंडावर बोलल्या, "नाना, तुम्ही मेडिकलवाले. औषधं विकणारा माणूस दारूच्या बाजूनं?"

वहिनी, मी दारूच्या बाजूनं नाही. पण पारावर पाच मिनिटांत सांगून होईल असं हे नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. पूर्ण वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

आधी माझ्या घरचं. वडील जिनिंगवर हमालीला होते. कापसाच्या हंगामात हातात पैसा यायचा आणि हप्त्याच्या दिवशी त्यातला बराचसा भट्टीवर जायचा. परवान्याचं दुकान गावात होतं, पण तिथे रोख लागायची. भट्टीवाला उधार द्यायचा. वहीत मांडून ठेवायचा. वडील गेले, आणि तेरावं व्हायच्या आत तो वही घेऊन आमच्या दारात उभा राहिला. मी तेव्हा अकरावीत. आईनं दोन हंगाम कापूस वेचून ती उधारी फेडली. त्या वहीतला शेवटचा आकडा मला आजही पाठ आहे.

आई याच शहादा तालुक्यातली. तिच्या तरुणपणी भिल्ल बायका गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडायच्या, ते तिनं डोळ्यांनी पाहिलंय. आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचा तो काळ, सत्तरच्या दशकाची सुरुवात. जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उठलेल्या बायका नवऱ्याच्या माराचं बोलायला लागल्या आणि बोलता बोलता भट्टीवर जाऊन धडकल्या. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, तळोद्याकडे गुलाम महाराजांनी 'आप की जय' म्हणत हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. आपल्या भागाला दारूविरोध बाहेरून शिकावा लागलेला नाही, आणि मडकी फोडणाऱ्या त्या बायकांपुढे मी आजही हात जोडतो.

पण आमच्या कॉलनीत मडकं नेमकं कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तिकडे कुणीच जात नाही.

पाटचारीला लागून ते पत्र्याचं शेड आहे. देशीची क्वार्टर मिळते, मध्य प्रदेशातून आलेला माल मिळतो, खेतिया इथून असं किती लांब. प्लास्टिकच्या फुग्यातली हातभट्टीही मिळते. धाड पडते, माल जप्त होतो, केस होते, आणि आठवड्यात शेड पुन्हा चालू. २ ऑक्टोबरला ड्राय डे म्हणून गावातली दुकानं बंद असतात तेव्हा तिथे जास्त गर्दी असते, भावही वाढवलेला असतो. गेल्या आखाजीला दहावीतला एक मुलगा तिथून पिऊन आला आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर ओकला. मी त्याला लिंबूपाणी पाजलं, बापाला फोन केला. बाप आला, त्यानं मुलाला दोन थोबाडीत दिल्या आणि घेऊन गेला. शेडवाल्याला कुणी विचारलं नाही की पोराचं वय काय होतं. विचारणार तरी कोण आणि कशाच्या जोरावर? त्याच्याकडून काढून घ्यावं असं त्याच्याजवळ काही नाहीच.

माझा सगळा मुद्दा इथे आहे. परवानेवाल्याकडे गमावण्यासारखं काहीतरी असतं. आणि ते काढून घेण्याची सोय कायद्यानं आपल्याला दिलेली आहे.

आडवी बाटली सगळ्यांनी ऐकलेली आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. यातली 'एकूण' ही अट फार जड आहे. जी बाई त्या दिवशी ऊसतोडीला गेलेली असते, ती दुकानाच्या बाजूनं धरल्यासारखी होते. तरी राज्यभर बायकांनी अशी दुकानं बंद करून दाखवली आहेत. पण हे मतदान फक्त परवान्याच्या दुकानाविरुद्ध होतं. पत्र्याच्या शेडविरुद्ध आडवी बाटली कुठे करणार? कागदावर ते शेड अस्तित्वातच नाही.

आता माझ्या धंद्याचं सांगतो, कारण माझं मत तिथूनच तयार झालंय. काही अँटिबायोटिक, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, ही 'शेड्युल एच-१' मध्ये येतात. २०१४ पासून त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं ते जपायचं. अल्प्राझोलामची एक स्ट्रिप दिली तरी नोंद. दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे. औषध निरीक्षक कधीही येऊन रजिस्टर उघडू शकतो. मला याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या रजिस्टरनं मला पाठीचा कणा दिला. चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणाऱ्याला मी म्हणतो, "भाऊ, लिहावं लागतं, चिठ्ठी दाखव." एकदा एक जण ऐकेना. शिव्या देऊन गेला आणि रात्री माझ्या शटरवर दगड पडला. दुसऱ्या दिवशी शेजारचा दुकानदार मलाच म्हणाला, "दिऊन टाकनं व्हतं ना, कसाले डोकं लावस?"

नाही म्हणायची किंमत असते आणि ती काउंटरमागचा माणूस एकटा मोजतो. दारूच्या दुकानाचं बोलताना आपण ही गोष्ट कधीच बोलत नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकतो. शनिवार-रविवार एका कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काम करतो, दूध-ब्रेडच्या शेजारी बिअरचं कपाट असतं तसलं दुकान. पहिल्याच दिवशी मालकानं त्याला सांगितलं, इथे वय अठरा पूर्ण लागतं, पण समोरचा पंचविशीच्या आतला वाटला तरी ओळखपत्र मागायचंच. आणि काउंटरखाली एक वही. ज्याला ज्याला नाकारलं त्याची नोंद तीत करायची. तारीख, वेळ, माणूस साधारण कसा होता, का नाकारलं. तपासणीला आलेले लोक ती वही मागतात. महिनोन्महिने वही कोरी असेल तर दुकानदाराला प्रश्न विचारतात, तुमच्याकडे एकही अल्पवयीन कधी आलाच नाही? तिथल्या २००३ च्या कायद्यात परवान्याचे चार हेतू लिहून ठेवलेले आहेत: गुन्हे आणि दंगा रोखणं, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यांना उपद्रव न होणं, आणि मुलांना इजा न पोचणं. यातल्या कशाचाही भंग झाला तर शेजारचा साधा रहिवासी परवान्याचा फेरविचार मागू शकतो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, नकार दिला की मालक पाठ थोपटतो." मला ते वाक्य दोन दिवस सुटेना.

आपल्याकडे कायदा दिसायला त्याहून कडक आहे. ज्याच्याखाली परवाना मिळतो त्याचं नावच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. बिअर आणि वाइनला वय एकवीस, बाकी दारूला पंचवीस. पिणाऱ्याकडे पिण्याचा परवाना असायला हवा, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा. तुमच्यापैकी कितीजणांनी तो आयुष्यात पाहिलाय? दुकानात काम करणाऱ्या पोराचा नोकरनामा, म्हणजे त्याला कामाला ठेवायची परवानगी, उत्पादन शुल्क खात्याकडून करून घ्यावा लागतो, हे चांगलं आहे. पण त्या पोराला कुणी बसवून शिकवतं का, की ओळखपत्र कसं मागायचं, झिंगलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं, तो अंगावर आला तर काय करायचं?

वाइन शॉपचं तर अजून वेगळं. सत्तरच्या दशकापासून राज्यात वाइन शॉपचे नवे परवाने देणं बंद आहे. त्यामुळे जुने परवाने सोन्याच्या भावानं फिरतात, लोक त्यांचं बोलणं कोटीतच करतात. परवाना एकाच्या नावावर, दुकान चालवणारा दुसरा, काउंटरवर तिसराच. ज्यानं एवढा पैसा ओतलाय तो गिऱ्हाईक कशाला परत पाठवेल? आणि ज्याच्या नावावर परवाना आहे तो आपल्या गल्लीत राहतच नाही.

कोपऱ्यावरच्या गाळ्याचा अर्जदार मात्र आपल्याच गल्लीत राहतो. त्याला लहानपणापासून आपण बघतोय, कानबाईला तो आपल्या घरी रोट खायला येतो. त्याची आई आपल्या बायकांबरोबर भजनाला बसते. तो चुकला तर संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन त्याला विचारता येईल. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्या बायकोनं निवेदनावर सही केलीय. तिचं म्हणणं साधं आहे: दुकान जवळ आलं की पिणारे वाढतात. यात ती चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही दारू सहज हाताशी येऊ देऊ नका असंच सांगते. म्हणूनच २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय घेतला तेव्हा मीही विरोधात होतो. अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत होते, लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या, तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही, आणि मला बरं वाटलं. साबण-बिस्किटांच्या रांगेत बाटली नको. कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकान तर मला मुळीच नको. गेल्या वर्षी मार्चमध्ये, म्हणजे २०२५ ला, अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की सोसायटीच्या ना-हरकतीशिवाय सोसायटीत दारूचं दुकान होणार नाही. चांगलंच आहे. पण आपल्याकडे नोंदणी झालेल्या सोसायट्या आहेत किती? प्लॉट पाडले, घरं बांधली, झाली कॉलनी. आपली ना-हरकत विचारायला कुणी येणार नाही. ती आपल्यालाच जाऊन द्यावी किंवा नाकारावी लागेल.

जवळ दुकान आल्यानं पिणारे वाढतील ही भीती खरी, आणि शेडमधला माल पिऊन कुणाचा जीव जाईल ही भीतीही खरी. दुसरी मला जास्त जवळची वाटते कारण मी तिची रसायनं ओळखतो. भट्टीत किंवा भेसळीत मिथेनॉल आलं की शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी डोळ्यांची नस जाते, मग माणूस. २०१५ ला मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली. २०२२ च्या जुलैत गुजरातेत बोटादकडे चाळीसवर गेली, आणि गुजरातेत तर राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. तो गुजरात आपल्या नवापूरला लागूनच आहे, आणि आपल्या हायवेवरून कुठला माल कुठे जातो हे ट्रकवाल्यांना विचारा.

(धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची दारू देवाला चढते, लग्नात लागते. तिचं मी बोलत नाहीये. तो त्यांचा रिवाज आहे, माझा विषय धंद्याचा आहे.)

माझ्या दुकानात महिन्यातून एखादी तरी बाई येते, पदरात तोंड लपवून हळूच विचारते, "भाऊ, चहामा टाकाले गोळी शे का, दारू सोडाडानी?" मी नाही म्हणतो. ते औषध डॉक्टरच्या देखरेखीशिवाय, माणसाला न सांगता दिलं आणि तो त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळून तो जाऊही शकतो. मी तिला सरकारी दवाखान्यात जायला सांगतो, ती मान हलवते आणि जात नाही हे मला माहीत असतं. गेल्या महिन्यात अशीच एक म्हणाली, "मन्हा पोऱ्याले तरी दिऊ नका म्हना त्यासले." 'त्यासले' म्हणजे शेडवाल्यांना. मी कुणाला सांगणार होतो?

बिअर शॉपीवाल्याला सांगता येईल. म्हणून मी अर्जदाराला घरी बोलावलं आणि माझ्या अटी सांगितल्या. तिशीच्या आतला दिसला की आधार कार्ड मागायचं. झिंगलेल्याला नाही, शाळेच्या गणवेशातल्याला तर दारातही उभं करायचं नाही, बापासाठी नेतोय म्हणाला तरी. उधारी अजिबात नाही, एक रुपयाचीही नाही. रात्री नऊला शटर खाली. गाळ्यासमोर, नालीवर, गाडीवर बसून पिणाऱ्याला त्यानंच उठवायचं आणि सकाळी बाटल्या त्यानंच उचलायच्या. कॅमेरा काउंटरवर. आणि नकारांची वही. परवान्याचं दरवर्षी ३१ मार्चच्या आत नूतनीकरण होतं, त्याआधी फेब्रुवारीत ती वही पारावर उघडायची, कॉलनीतल्या पाच बायकांसमोर. त्यांनी नको म्हटलं तर आडव्या बाटलीच्या मागणीवर पहिली सही माझ्या बायकोची आणि मतदानाच्या दिवशी बायकांना न्यायला गाडी माझी.

माझी एक अट आपल्या सगळ्यांसाठीही आहे. त्या शेडविरुद्ध तक्रार अर्ज द्यायचा, आणि बिअर शॉपीविरुद्धच्या निवेदनासारख्याच त्यावरही पंचेचाळीस सह्या पाहिजेत. शेड चालूच राहणार असेल आणि वर दुकानही येणार असेल, तर मी उद्याच निवेदनावर सही करतो.

माझ्या अटी ऐकून अर्जदार पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाना, मी नाही म्हटलं आणि दगड पडला, तर कॉलनी येईल का?"

मी हो म्हणालो. एकट्याच्या जिवावर म्हणालो, आणि ते बरोबर नाही हे तेव्हाच कळलं. म्हणून ही पोस्ट.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. मी दोनशे पानी वही आणलीय आणि रकाने आखून ठेवलेत: तारीख, वेळ, अंदाजे वय, का नाकारलं. बायकोनं सही मागे घेतलेली नाही, घेणारही नाही म्हणते. पण काल रात्री तिनं वही ओढून घेतली, पट्टी मागितली आणि शेवटी अजून एक रकाना आखला: 'धमकी दिली का? तेव्हा शेजारी कोण उभं होतं?'