रस्ते दिसतात, कर्जखतं दिसत नाहीत

आपल्याकडे 'इंग्रजांनी रेल्वे दिली की लूट केली' हा वाद पेटला की एक मुद्दा हमखास येतो. रोमनांनी ब्रिटनवर साडेतीनशे वर्षांहून जास्त राज्य केलं, तरी ब्रिटिश माणूस तक्रार करत नाही. उलट मुलांना रोमन रस्ते आणि स्नानगृहं कौतुकाने दाखवतो. मग आपणच का गळा काढायचा? इथे ब्रिटनमध्ये ते कौतुक पदोपदी दिसतं, आणि खरंही आहे. पण राज्य कसं होतं हे पाहायचं तर वसुली कोण करत होतं आणि दाद कुठे लागत होती, हे आधी तपासावं.

आजच्या पश्चिम तुर्कस्तानात रोमचा 'आशिया' प्रांत होता. इ.स.पू. 123 च्या सुमारास गायस ग्राकस या रोमन पुढाऱ्याने तिथल्या करवसुलीचा मक्ता थेट रोममध्ये लिलावाने द्यायची पद्धत घातली. मुदत पाच वर्षं. मक्तेदारांची कंपनी बोली लावायची, जमिनी तारण ठेवायची, ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची; वर सुटेल ते तिचं. बोली अवाच्या सवा चढली की तूट रयतेच्या मानगुटीवर बसे. कर भरायला शहरं कर्ज काढत आणि ते देणारे सावकारही रोमनच. रोममध्ये सुभेदारांच्या लुबाडणुकीचे खटले चालत, पण त्या काळी पंच असत 'एक्विटीज' या धनिक वर्गातले, म्हणजे मक्तेदारांचेच भाऊबंद. रुटिलियस रूफस या रोमन अधिकाऱ्याने आशियात मक्तेदारांना लगाम घातला, तर इ.स.पू. 92 मध्ये लुबाडणुकीबद्दल शिक्षा त्यालाच झाली. हद्दपार होऊन तो राहायला गेला तो आशियातच, ज्यांना लुटल्याचा आरोप होता त्यांच्यात, आणि त्यांनी त्याला मानाने ठेवून घेतलं.

पुढे बंडाची शिक्षा म्हणून रोमन सेनापती सुल्लाने या प्रांतावर 20,000 टॅलंट दंड बसवला. एक टॅलंट म्हणजे अंदाजे 26 किलो चांदी. तो भरायला कर्जं काढावी लागली. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की सावकारांना दुप्पट रक्कम पोचूनही बाकी 1,20,000 टॅलंटवर गेली होती. लोकांनी पोटची पोरं विकली, देवळांतल्या मूर्ती विकल्या. मग सेनापती लुकुल्लसने नियम लावले: व्याज दरमहा दरशेकडा एक, मुद्दलापेक्षा जास्त साचलेलं व्याज रद्द, ऋणकोच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचं नाही, व्याज मुद्दलात चढवणाऱ्याचं सगळं येणं बुडालं. यातला दुसरा नियम म्हणजे आपला दामदुप्पटच. चार वर्षांच्या आत कर्जं फिटली, जमिनी मोकळ्या झाल्या. सावकारांनी मात्र रोममधले पुढारी पैसे चारून लुकुल्लसच्या मागे लावले.

ब्रिटनमध्येही तेच झालं. इ.स. 60-61 मध्ये तिथल्या बूडिका राणीने रोमविरुद्ध केलेल्या बंडामागे एक कारण रोमन इतिहासकार डिओ देतो ते असं: सम्राट नीरोचा सल्लागार सेनेका याने 4 कोटी सेस्टर्सची (रोमन नाणी) कर्जं एकदम परत मागितली. बंड मोडल्यावर सुभेदार सूड घेत सुटला. तेव्हा नवा वसुली अधिकारी क्लासिकियानस याने थेट सम्राटाला कळवलं की हा माणूस असेपर्यंत लढाई थांबणार नाही, आणि पुढे तो सुभेदार बदलला गेला. क्लासिकियानसच्या थडग्याचे दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खाली थडगं उभारणाऱ्या बायकोचं नाव आहे, यूलिया पाकाता. गॉलमधल्या (साधारण आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) त्रेवेरी जमातीच्या सरदाराची ती मुलगी. जिंकलेल्यांच्या घरात इतक्या लवकर सत्ता पोचली होती. गॉल जिंकून शंभर वर्षं होतात तोच, इ.स. 48 मध्ये, सम्राट क्लॉडियसने गॉल लोकांना सिनेटमध्ये घ्यावं म्हणून भाषण केलं. ते कोरलेला कांस्यपट फ्रान्समधल्या लियोंला आहे. आफ्रिकेत जन्मलेला सेप्टिमियस सेवेरस सम्राट झाला आणि 211 मध्ये यॉर्कला वारला. त्याच्या मुलाने 212 मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं. वारसाकर 5 वरून 10 टक्के केला होता, तो जास्त लोकांकडून मिळावा हा हेतू होता असं डिओ म्हणतो. मला ते पटतं. तरी नागरिकत्व मिळालं ते मिळालंच.

इंग्रजी अमलात दादाभाई 1892 मध्ये पार्लमेंटमध्ये गेले ते लंडनच्या मतदारांच्या जोरावर. हिंदुस्थानाला तिथे एकही जागा नव्हती. रोमनांची रयत पुढे स्वतःच रोमन झाली, म्हणून इथे ब्रिटनमध्ये कुणाच्या घरात त्या वसुलीची आठवण उरलेली नाही. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली ती 1875 साली. त्याला दीडशेच वर्षं झालीत.