खुलासा : सायबर सुरक्षा आणि विश्वस्तांची जबाबदारी

'सायबर सुरक्षा हे संगणक सांभाळणाऱ्यांचे काम आहे, आणि धर्मादाय संस्थांवर हल्ला करून कोणाला काय मिळणार?' असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीवरील सायबर हल्ला जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आला, तेव्हा ५,१५,००० हून अधिक लोकांच्या माहितीपर्यंत हल्लेखोर पोहोचले होते, आणि त्यांत युद्धामुळे कुटुंबापासून दुरावलेली व बेपत्ता माणसेही होती. यापेक्षा असहाय कोण असणार?

तांत्रिक कर्मचारी यंत्रणा सांभाळतात. परंतु लाभार्थींची कोणती माहिती घ्यावी, ती किती काळ ठेवावी, बॅकअपवर (माहितीच्या राखीव प्रतींवर) किती खर्च करावा, आणि ज्याला पैसे द्यायचे त्याचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आल्यास दूरध्वनीवरून खातरजमा व दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी यांशिवाय पैसे पाठवू नयेत, हे ठरवण्याचा अधिकार विश्वस्त मंडळाचाच असतो. माहिती बाहेरच्या कंपनीकडे सोपवली, तरी देणगीदारांना उत्तर संस्थेलाच द्यावे लागते. शिवाय अनेक विश्वस्त संस्थेची कागदपत्रे स्वतःच्या खासगी ईमेलवर ठेवतात. त्या खात्यांना द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय ओळखीचा दुसरा पुरावाही मागणारी सोय) लावण्याचे काम तर त्यांच्याऐवजी दुसरे कोणीही करू शकत नाही.