'बनवाबनवी'ला हसणाऱ्यांबद्दल: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले. लिहिलेलं पुसलं. रविवारी परत लिहिलं, तेही पुसलं. दोन्ही वेळा मी स्वतःची बाजू मांडत सुटले होते आणि तुमचा प्रश्न तसाच राहत होता. आज सावकाश लिहिते आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गणपतीत आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये पडदा लावून 'अशी ही बनवाबनवी' दाखवला, त्यावर मी लिहिलं होतं. भाड्याने घर मिळावं म्हणून चार मित्रांपैकी दोघं पार्वती आणि सुधा नावाच्या बायकांचं सोंग घेतात, तो हा विनोदी चित्रपट. आजोबांपासून पहिलीतल्या पोरांपर्यंत सगळे एकाच जागी कसे हसत होते, पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून पुढचा संवाद कसा येत होता, वगैरे. शेवटचं वाक्य होतं: "ज्या हसण्यात घरातल्या सगळ्या पिढ्या सामील होतात, त्या हसण्यात विष असू शकत नाही." यावर ताईंनी लिहिलं की, पुरुष साडी नेसून आला की हसायचं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यात गंमत कमी आणि हिणवणं जास्त. लोक हसले म्हणून चित्रपट निर्दोष ठरत नाही. आणि शेवटी: "माझ्या धाकट्या भावाचा आवाज बारीक होता. शाळेत त्याला पाच वर्षं 'पार्वती' म्हणायचे. त्याने हा सिनेमा आजवर पूर्ण पाहिलेला नाही. तुमच्या या पिढ्यांत तो कुठे बसतो?"

या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण आधी जे पटलं नाही ते सांगते. ते मनात ठेवून नुसतं 'चुकलं' म्हटलं तर ते खरं होणार नाही.

पुरुषाने साडी नेसली की मराठी माणूस आपोआप हसतो, हे मला मान्य नाही. आपल्याइतका साडीतला पुरुष क्वचितच कुणी पाहिला असेल. दादासाहेब फाळक्यांच्या 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या या माणसाला उभं केलं. 1917च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. त्याच काळात बालगंधर्व 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी होत होते, 'एकच प्याला'त सिंधू होत होते. तिथे कुणी हसत नव्हतं. सिंधूचे हाल बघून बायका पदराने डोळे पुसायच्या आणि घरी जाऊन त्यांच्यासारखी साडी नेसून बघायच्या, त्यांच्यासारखा अंबाडा घालायच्या. हे जुनं झालं म्हणाल, तर सिंधुदुर्गात आजही जत्रेतल्या दशावतारात राणी पुरुषच असते. माझं आजोळ त्या बाजूचं. रात्री दोन वाजता, थंडीत, गोधडी पांघरून बसलेल्या माणसांना मी त्या राणीच्या विलापाला गप्प होताना पाहिलं आहे. तिची रुंद मनगटं सगळ्यांना दिसत होती. राक्षस आला तेव्हा लोक हसले.

म्हणजे नुसत्या साडीने हसू येत नाही. मग 'बनवाबनवी'त कशाने येतं?

त्या रात्री माझ्या शेजारच्या खुर्चीवर चार-साडेचार वर्षांची एक मुलगी बसली होती. चौघांतला धनंजय माने घाबरून साडीतल्या मित्राबद्दल "हा माझा बायको" म्हणतो ना, तिथे ती खुर्चीवर उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "ही माझी बायको! ही माझी!" तिची आई हसून हसून तिला खाली ओढत होती. त्या पोरीला पुरुष-बाई, वेश, सोंग यातलं काही कळत नव्हतं. तिला व्याकरणाची चूक ऐकू आली होती. मला वाटतं, या चित्रपटाचं मर्म तिथे आहे. मराठीत 'येतो' की 'येते', 'गेलो' की 'गेले' हे ठरवल्याशिवाय स्वतःबद्दल कितीतरी साधी वाक्यं बोलता येत नाहीत. इंग्रजीत 'मी'चं क्रियापद बाईला आणि पुरुषाला एकच, बंगालीतही तसंच. तिथे सोंग घेतलेल्या माणसाने आवाज आणि चाल सांभाळली की झालं. आपल्याकडे अशा दर वाक्याच्या शेवटी खड्डा आहे. पार्वती आणि सुधा तोंड उघडतात तेव्हा आख्खा प्रेक्षक त्या क्रियापदाच्या शेवटाकडे कान लावून बसलेला असतो, आता पडतात की वाचतात म्हणून. वसंत सबनीसांनी संवाद लिहिताना हे किती बारकाईने वापरलंय ते बघा. मूळ गोष्ट 1966च्या हिंदी 'बीवी और मकान'ची आहे, पण हा कान मराठीच आहे.

दुसरं म्हणजे, हे चौघे सोंग का घेतात? पुण्यात सडाफटिंग पोरांना खोली मिळत नाही म्हणून. घर हवं तर जोडपं दाखवा. हा चित्रपट 1988चा, आणि माझा भाचा नोकरीसाठी पुण्यात आला तेव्हा त्याने बघितलेल्या पहिल्या पाच जागांपैकी तीन ठिकाणी 'फक्त फॅमिली' हेच उत्तर मिळालं. आमच्या सोसायटीतही तोच नियम आहे, आणि तो करणारी कमिटी त्या रात्री पहिल्या रांगेत बसून हसत होती. मागे भाड्याने राहणारी पोरं बसली होती, तीही हसत होती. एकाच प्रसंगाला दोन्ही बाजू हसत होत्या. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.

बायकांचं हसणं आणखी वेगळं. माझी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. पार्वती पदर सावरताना धडपडली की ती दर वेळी एकच म्हणते, "कळू दे जरा." साठ वर्षं रोज नऊवारी नेसून चार माणसांचं रांधलेल्या बाईचं ते हसू आहे. त्यात बाईची टिंगल आहे असं मला काही केल्या वाटत नाही.

आणि डोहाळजेवणाचं ते गाणं घ्या, 'कुणीतरी येणार येणार गं'. चित्रपटात पोटात बाळ नाही, सगळी थापच. पण आज कुठल्याही मराठी घरातल्या डोहाळजेवणाला जा, झोपाळा सजवलेला असतो, फुलांचे दागिने असतात आणि हेच गाणं लागतं. माझ्या बहिणीच्या वेळी लागलं तेव्हा ती रडली होती. एका खोट्या पोटाचं गाणं बायकांनी खऱ्या पोटासाठी उचललं. फक्त टिंगल असती तर त्या गाण्याला एवढा मान कुणी दिला असता?

इतकं सांगून झाल्यावर आता तुमच्याकडे येते.

तुमच्या भावाला 'पार्वती' म्हणायचे. 'सुधा' म्हणत नव्हते. मी या एका गोष्टीपाशी दोन दिवस अडकले होते. बारीक आवाजाचा, नाजूक मुलगा खरं तर सचिन पिळगावकरांच्या सुधासारखा. ती सुधा शोभते, तिचं सोंग वठतं, म्हणून तिला लोक फार हसतही नाहीत. हसतात लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीला, कारण तिच्यातला पुरुष काही केल्या झाकला जात नाही. दंड बाहेर येतात, चाल बिघडते, आवाज फुटतो. चित्रपटातला विनोद म्हणजे बाई होता न येणारा पुरुष. शाळेच्या पटांगणात त्याच नावाचा अर्थ बरोबर उलटा झाला: पुरुष होता न येणारा मुलगा. चित्रपटाने हे केलं नाही असं मी म्हणू शकते, आणि शनिवारी मी तेच लिहिलं होतं. पण मग हे उलटं करणारं कोण? त्या मुलांनी ते नाव चित्रपट बघताना हसणाऱ्या घरांतूनच उचललं. माझ्यासारख्याच घरांतून.

आपल्याकडे हे पहिल्यांदा घडलेलं नाही, आणि हे मला माहीत असूनही मी ते वाक्य लिहिलं याचं वाईट वाटतं. गणपत पाटील आठवा. तमाशापटांतला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा सोंगाड्या, म्हटला की दुसरं नाव आठवत नाही. हा माणूस संसारी, घर चालवणारा, कॅमेरा बंद झाला की आपल्या वाटेने जाणारा. पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या घरापर्यंत नेला. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या भूमिकांपायी रस्त्यावर, नात्यागोत्यात काय काय ऐकावं लागलं, ते त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं आहे. आनंद यादवांची 'नटरंग' आणि 2010 साली तिच्यावर आलेला चित्रपट याच दुखण्याचा आहे: गुणा नावाचा पैलवान गडी कलेपायी नाच्या होतो आणि ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच त्याला माणसातून उठवतात. बालगंधर्वांसारखा अंबाडा घालणारा समाज आणि गुणाला ठेचणारा समाज, दोन्ही आपलेच. राजघराण्यातली रुक्मिणी झालं तर कौतुक, फडावर कंबर हलवली तर शिवी. इथे जातीचाही भाग आहे, तो वेगळा लिहावा लागेल.

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांबद्दल तुम्ही ओझरतं म्हटलंत, तिथे मी पूर्ण तुमच्याकडून आहे. काम करणाऱ्या नट्या समोर असताना बाईची भूमिका पुरुषालाच द्यायची, त्याला भडक लिपस्टिक लावायची, आणि तो नुसता आत आला की हशा. तिथे घर मिळवायचं नसतं, पकडलं जाण्याची भीती नसते, क्रियापदाचा खड्डा नसतो. फक्त साडी असते. रोज रात्री जेवताना हे बघणाऱ्या मुलाला 'बनवाबनवी' दाखवला, तर त्यालाही तेवढंच दिसणार.

आता जे मी लेखात लिहिलं नव्हतं ते.

चित्रपट संपल्यावर खुर्च्या गोळा करत होतो. मुलं पार्किंगमध्ये हुंदडत होती. दहा-बारा वर्षांची तिघं ओढण्या डोक्यावर घेऊन पार्वतीची नक्कल करत होती, आणि छान करत होती, मी हसले. मग त्यातला एक चौथ्या मुलाकडे वळला. हा चौथा त्यांच्यात नव्हता, खांबाला टेकून एकटा उभा होता. त्याने ती ओढणी त्या मुलाच्या डोक्यावर टाकली आणि म्हणाला, "तुला सोंग करायची गरजच नाही." बाकीचे दोघे हसले. त्या मुलाने ओढणी काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि जिन्याकडे गेला. मी दहा फुटांवर होते. माझ्या हातात चार खुर्च्या होत्या. मी काही बोलले नाही. घरी येऊन लेख लिहिला तेव्हा हे मला आठवत होतं, आणि लेखाचा सूर बिघडेल म्हणून मी ते बाहेर ठेवलं. त्याच्यानंतर ते विषाचं वाक्य लिहिलं.

म्हणून ते वाक्य मी काल काढलं आहे आणि त्या जागी हा खांबापाशी घडलेला प्रसंग घातला आहे. बाकी लेख तसाच ठेवला, कारण त्या रात्रीचं हसणं खोटं नव्हतं आणि ते मला अजूनही आवडतं. चित्रपट मी परत बघेन. तुम्ही बघावा असा आग्रह नाही, तुमच्या भावाने तर नाहीच नाही.

तो कुठे बसतो, हे विचारलंत. त्या रात्री तो खांबापाशी उभा होता आणि त्याच्यासाठी आम्ही खुर्ची मांडली नव्हती, याहून खरं उत्तर माझ्याकडे नाही. तो मुलगा बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. काल संध्याकाळी मी त्याच्या आईकडे गेले होते. घडलेलं सांगितलं, आणि मी बघत उभी होते हेही सांगितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने मला बसवून घेतलं, आणि बराच वेळ आम्ही दोघी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसलो होतो.

तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. त्याची हरकत नसेल तर या उत्तराखाली त्याने स्वतः लिहावं. जे लिहील ते तसंच ठेवेन.