मजुराला कसलं टेन्शन?

गेल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो पुन्हा फिरला. भर दुपारी सिमेंटच्या गोण्यांवर गाढ झोपलेला मजूर, आणि खाली मजकूर: 'याला ना गादी लागते ना गोळी. डिप्रेशन हा भरल्या पोटाचा आजार. हा रोज कमावतो, रोज खातो, उद्याची चिंता नाही. घाम गाळा, मन आपोआप ठणठणीत राहतं. समुपदेशनाची थेरं एसीत बसणाऱ्यांसाठी.' रामबागेपासून सुदामानगरपर्यंत पंचवीसेक जणांनी खाली हात जोडले. मी इंदुरात बावीस वर्षं साइटवर आहे. आधी दुसऱ्याकडे सुपरवायझर, आता स्वतःची छोटी ठेकेदारी. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, ते लांबलं.

आधी ती झोप. तो दुपारी झोपलाय, कारण रात्री झोपलेला नाही. आमच्याकडे गिट्टी-रेतीचे डंपर रात्री रिकामे होतात, मोठ्या स्लॅबच्या रेडीमिक्सच्या गाड्याही बहुतेक रात्रीच येतात. राहायची खोली पत्र्याची. मे महिन्यात ती मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखी तापलेली असते. एका खोलीत दोन कुटुंबं, मधे साडीचा पडदा, आणि डास. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत जिथे सावली दिसेल तिथे माणूस कोसळतो. फोटो काढणाऱ्याने कोसळणं टिपलं आणि त्याला समाधान असं नाव दिलं. दोन वाजता हाच माणूस अर्धवट झोपेत चौथ्या मजल्याच्या फळीवर उभा राहणार आहे, ते फोटोत येत नाही.

'भरल्या पोटाचा आजार'. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. 2021 साली देशात 1,64,033 आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत 42,004 रोजंदारीवरची माणसं होती. म्हणजे चारांतला एक. 2014 मध्ये हेच प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास होतं. शेतमजूर यात धरलेले नाहीत, त्यांचा रकाना वेगळा आहे. आता हे सगळे बांधकामावरचे नव्हेत, आणि वाढीतला काही भाग नोंद करण्याच्या पद्धतीमुळेही असू शकेल, हे मी मान्य करतो. पण इंग्लंडमध्ये 2011 ते 2015 या काळातल्या मृत्यूंची व्यवसायवार मोजणी झाली, तेव्हा बांधकामावरच्या बिनकसबी पुरुष मजुरांत आत्महत्येचा धोका एकूण पुरुषांच्या सरासरीपेक्षा 3.7 पट निघाला. तिथला मजूर काही उपाशी नसतो. म्हणजे दुखणं पोट भरलंय की रिकामं यापुरतं नाही, या कामातच काहीतरी आहे.

ते काय, हे 'रोज कमावतो, रोज खातो' या वाक्यात लपलंय. तेच वाक्य सगळ्यात खोटं आहे.

आमच्या साइटवर निम्म्याहून जास्त माणसं झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडची. पावसाळ्यात मुकादम गावात जाऊन उचल देतो, दिवाळीनंतर टोळी इंदुरात उतरते. इथे रोजचे पैसे रोज मिळत नाहीत. आठवड्याला मिळते ती खर्ची, पीठ-तेल-रिचार्जपुरती. बाकी वहीत. हिशेब होणार भगोरियाला, म्हणजे होळीच्या आधीच्या आदिवासी जत्रेला, तेव्हा साइट ओस पडते. त्या तीन-चार महिन्यांत आपले किती दिवस भरले, उचलीचे किती कापले, हे मजुराला मुकादमाच्या तोंडूनच कळतं. ज्याची कमाई दुसऱ्याच्या वहीत अडकलीय त्याला उद्याची चिंता नाही, हे म्हणायला हिंमत लागते.

बायपासजवळच्या एका साइटवरची गोष्ट. अलीराजपूरकडचा एक सेंट्रिंगचा, म्हणजे काँक्रीटचे साचे बांधणारा, कारीगर होता, हात असा की त्याचा कॉलम दुसऱ्यांदा तपासावा लागत नसे. एका सकाळी तो ओळंब्याची दोरी धरून उभा दिसला. खालचा लोलक केव्हाच स्थिर झाला होता, तरी हा बघतच होता. मी खालून ओरडलो, 'नशा करके आया है क्या?' तो उतरला, जवळ आला. तोंडाला वास नव्हता. म्हणाला, 'साब, नींद नी आ री.' चार रात्री. गावी बायकोची चांदी सावकाराकडे गहाण होती आणि मुदत संपत आली होती. मुकादम पैसे देत नव्हता, कारण मी मुकादमाला दिले नव्हते. मी दिले नव्हते, कारण मालकाने माझं बिल अडकवलं होतं. मला वाटत होतं, साखळी वरून तुटलीय, माझा काय दोष? पण त्याच महिन्यात माझ्या गाडीचा हप्ता वेळेवर गेला होता.

त्याला उंचीवरून खालच्या कामाला घेतलं, दिवसाची मजुरी न कापता. संध्याकाळी पैसे दिले, दुसऱ्या साइटवरून त्याच्या भावाला बोलावून सोबत ठेवला. वाटलं, मिटलं. नाही मिटलं. चांदी सुटली तरी झोप येईना, जेवण जाईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, ते काही महिने चाललं, तेव्हा कुठे गडी परत हसायला लागला. म्हणून 'पैसे दिले की झालं' हेही अर्धवटच.

घाम गाळल्याने मन ठीक राहतं? सकाळी नेहरू पार्कात स्वखुशीने चालणाऱ्याचं राहत असेल. तगारी, म्हणजे घमेली, वाहणारा संध्याकाळी मन ठीक करायला पव्वा शोधतो. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, मग दुसऱ्या दिवशी तोच थकवा.

एक गोष्ट मात्र त्या मजकुराच्या बाजूची. एकाच फळियातली, म्हणजे गावातल्या एकाच वस्तीतली, माणसं एकत्र राहिली, रात्री चुलीपाशी बोलली-गायली, तर त्यांना खरंच आधार असतो. पण आम्हीच सोयीसाठी टोळ्या फोडतो, दोन इकडे, चार तिकडे.

राहिली समुपदेशनाची 'थेरं'. मजूर डिप्रेशन हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो, 'जी घबराता है', 'सिर भारी है', 'मन नी लगता'. आम्ही त्याला क्रोसिन देतो. फारच झालं तर कुणीतरी हसून म्हणतं, 'इसको बाणगंगा भेजो', कारण मनोरुग्णालय तिथे आहे. असं म्हटल्यावर कोण तोंड उघडेल? 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, हिंदीत बोलता येतं. जगणं नकोसं झालंय का, असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस बोलता होतो. मी स्वतः हे विचारायला फार उशिरा शिकलो.

कायद्यातही सोयी आहेत. 1996 च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी घेतला जातो. 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस काम केलेल्या मजुराची नोंदणी होते. पण त्या 90 दिवसांचा दाखला द्यायला आम्ही ठेकेदार काचकूच करतो. 1996 च्या कायद्यात पाळणाघर 50 हून जास्त बायका कामावर असतील तरच सक्तीचं होतं. छोट्या साइटवर रेजा, म्हणजे मजूर बायका, सातआठ असतात, पोर झोळीत आणि आईचं अर्धं लक्ष झोळीकडे.

आता मी शनिवारी हिशेब करतो, मजुरासमोर, वही त्याच्याकडे फिरवून. दर वेळी जमतंच असं नाही.

आणि काका, हा फोटो तुम्हीच टाकलात म्हणून सांगतो. तुमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग मार्चमध्ये झालं. शेवटचा हप्ता 'एक पावसाळा बघून' देणार आहात. बेलदारांचे, म्हणजे हाताखालच्या मजुरांचे, पैसे मी माझ्या खिशातून दिलेत, मिस्त्रीचे अठरा दिवस अजून वहीतच आहेत. पाऊस होऊन गेलाय, गच्ची गळलेली नाही.