बदल घडवायचाय? मग एकही काम बंद करू नका

तर अभिनंदन. तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर आता 'हेड, ट्रान्सफॉर्मेशन' असं छापलंय. काल-परवापर्यंत तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्याच फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, प्लॅनिंगला होता आणि डिस्पॅचची गाडी का अडकली म्हणून शिव्या खात होता, मग मालक पुण्याला कुठल्यातरी हॉटेलात सेमिनार ऐकून आले आणि परतताना कोगनोळीचा टोलनाका ओलांडेपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं की आपली कंपनी लीन करायची (वाया जाणारं सगळं छाटायचं), ॲजाईल करायची (छोट्या टप्प्यांत, बदल पचवत काम करायचं), आणि वर पोर्टफोलिओ मॅनेजमेंट (सगळ्या प्रोजेक्टांतलं कुठलं आधी, कुठलं नंतर ते ठरवणं) पण करायचं. दिवाळीच्या आत.

घाबरू नका, सोपं आहे. एकच पथ्य पाळायचं, सगळं बदलायचं पण चालू असलेलं एकही काम बंद करायचं नाही. बाकीचं मी सांगतो.

आधी यादी करा. कंपनीत सध्या काय काय चालू आहे ते एका कागदावर उतरवा, हे मात्र मनापासून करा, कारण एवढी करमणूक फुकटात परत मिळणार नाही. नवीन इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेची भट्टी (फाउंडेशन झालंय, उद्घाटनाचा नारळ पण फुटलाय, फर्नेस यायचीय). तिसरं ईआरपी, म्हणजे सगळ्या कंपनीचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर (पहिली दोन अजून चालूच आहेत, स्टोअरवाले एकात एंट्री करतात, अकाउंट्सवाले दुसऱ्यात, आणि खरा हिशोब स्टोअरकीपरच्या लाल वहीत असतोय). फाइव्ह एस, म्हणजे शॉप आवरून नीटनेटकं ठेवायची जपानी पद्धत. छतावरचं सोलर. मालकांच्या धाकट्या चिरंजीवांचं ॲप, ज्यावरून म्हणे गिऱ्हाईक पिझ्झा मागवल्यासारखं कास्टिंग (ओतलेला पार्ट) मागवणार. आणि विमानाच्या पार्टसाठी लागणारं एएस ९१०० सर्टिफिकेट, कारण हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे पार्ट बनायला लागल्यापासून बेळगावात ज्याच्या शेडमध्ये एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) आहे त्याला पण आकाश दिसायलंय. असे मिळून तीसेक निघतील. कमी वाटत असतील तर मशीन शॉपच्या मॅनेजरचा ड्रॉवर उघडा, त्यात अजून चार आहेत.

मग बोर्ड, एका कामाचं एक कार्ड. पोर्टफोलिओ कॅनबॅन म्हणतात त्याला, आणि त्यात साधारण असे कप्पे असतात की कल्पना पडतात तो फनेल, मग तपासणी, मग विश्लेषण, मग बॅकलॉग (मंजूर, पण रांगेत), मग चालू, मग झालं. यात खरी गोम अशी की कप्प्यावर आकडा लिहायचा असतो, म्हणजे 'चालू'मध्ये एका वेळी पाचच, सहावं आणायचं असेल तर आधी पाचातलं एक संपवा नाहीतर त्याला मूठमाती द्या. तुम्ही पण आकडा लिहा, चांगला मोठा, लाल मार्करनं. आणि मग तीसच्या तीस कार्डं 'चालू'मध्ये लावा. कोणी बोट दाखवलंच तर म्हणायचं, तो आकडा गाइडलाइन आहे हो, स्वल्प ॲडजस्ट माडी (थोडं ॲडजस्ट करा).

चिकटणारे कागद आणू नका एवढं ऐका. मोल्डिंग शॉपची वाळू भिंतीवर बसलेली असते, दोन दिवसांत गोंद मरतो, आणि कोणी पेडेस्टल फॅन लावला की सोलरचं कार्ड 'चालू'मधून सुटून खालच्या रिजेक्शनच्या क्रेटमध्ये जाऊन पडतं, आणि हाउसकीपिंगच्या मावशी ते उचलून जागा दिसेल तिथं लावतात. मावशींनी ते 'झालं'मध्ये लावलं तर तसंच राहू द्या. अभिनंदनाचं मेल जाऊ दे. एवढ्या कमी खर्चात पूर्ण झालेला तो कंपनीतला पहिला प्रोजेक्ट असेल.

बोर्डाची भाषा हा आपल्याकडं नाजूक विषय. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड पाहिजे हा कायदा २०२४ ला आला, तेव्हापासून पाटी म्हटलं की माणूस आधी इकडं-तिकडं बघतो. तुम्ही बोर्ड शंभर टक्के इंग्लिशमध्ये करा. मराठीवाले नाराज नाहीत, कन्नडवाले नाराज नाहीत, आणि कोणी वाचत पण नाही.

आता एक जादा कप्पा काढा, 'होल्ड'. हा मूळ पद्धतीत नसतो, पण आपल्याला लागतोच, आणि बेळगावच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. १९५६ ला भाषेवर राज्यं झाली तेव्हा आपलं सीमाप्रश्नाचं एक कार्ड लागलं, १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला म्हणजे विश्लेषण पण झालं, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला म्हणजे कार्ड एक कप्पा पुढं सरकलं, आणि तिथंच आहे. दर १ नोव्हेंबरला एक मिरवणूक कर्नाटक राज्योत्सवाची निघते, दुसरी काळ्या दिवसाची, पण कार्ड काही हलत नाही. त्यामानानं तुमचं ईआरपी म्हणजे अजून अंगणवाडीत आहे, कशाला घाई करताय?

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, ती म्हणजे लिटलचा नियम. जॉन लिटल नावाच्या प्राध्यापकानं १९६१ ला तो सिद्ध करून दाखवला आणि तेव्हापासून तो काही खोटा पडलेला नाही, ही खरी अडचण. हातात असलेली कामं भागिले दर महिन्याला संपणारी कामं, उत्तर येतं ते एका कामाला सरासरी लागणारे महिने. तुमच्याकडं तीस कामं चालू, महिन्याला संपतात दोन, म्हणजे पंधरा महिने. संपायचा वेग तोच ठेवला आणि हातात फक्त दहा ठेवली तर पाच महिने. माणूस वाढवायचा नाही, ओव्हरटाइम नाही, नवीन मशीन नाही, फक्त वीस कामं बाजूला ठेवायची. किती भयंकर गणित आहे बघा. हे स्लाइडवर घातलंत तर मालक सरळ विचारतील, "मग कुठली वीस?" आणि चिरंजीव समोरच बसलेले असतील.

म्हणून तर मेल्टिंगच्या मिस्त्रीमामांना ट्रेनिंगला बोलवायचं नाही. त्यांना हे सगळं आधीच माहीत असतंय आणि ते सर्वांसमोर बोलतात. एसजी आयर्नचं (सहज न तुटणाऱ्या ओतीव लोखंडाचं) वितळलेलं मेटल लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेऊन मॅग्नेशियमची ट्रीटमेंट केली की पुढं मोजकी मिनिटं हातात असतात, तेवढ्यात मोल्डं (वाळूचे साचे) भरली पाहिजेत, नाहीतर मॅग्नेशियमचा असर उतरतो आणि ते कास्टिंग दिसायला झकास पण आतून बाद. त्यामुळं मामा लॅडल भरायच्या आधी लाइनीवर चालत जाऊन तयार मोल्डं स्वतः मोजतात, प्रत्येक बॉक्सवर खडूनं टिक करतात, आणि टिका कमी भरल्या तर तेवढंच मेटल काढतात, मग वरून कोणाचा पण फोन येऊ दे. जगभरचे कन्सल्टंट ज्याला 'पुल' म्हणून (पुढं लागेल तेवढंच मागून काढायचं) शिकवतात तो माणूस खडूनं करतोय, आणि त्याचं प्रेझेंटेशन नाही. असा माणूस तुमच्या बोर्डापुढं आला की खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसत म्हणणार, "साहेब, तीस कामं एकदम काढलायसा खरं, ओतायला माणसं किती हाईत?" याला तुमच्याकडं उत्तर नाही, माझ्याकडं पण नाही. त्यांना सेकंड शिफ्टला टाका आणि ट्रेनिंग फर्स्ट शिफ्टला घ्या.

आता प्राधान्य ठरवायचं. याला एक सुंदर फॉर्म्युला आहे, उशिराचा खर्च भागिले कामाचा आकार. काम लांबलं तर किती नुकसान, घाई किती, पुढचा धोका किती टळतो हे मिळून उशिराचा खर्च, आणि आकडे १, २, ३, ५, ८, १३, २० एवढेच वापरायचे म्हणजे साडेसात की पावणेआठ असला घोळ होत नाही. समजा पंप बॉडीत ब्लो होल (हवेची भोकं) येऊन रिजेक्शन होतंय ते थांबवायचं काम आहे, उशिराचा खर्च १३, आकार २, गुण आले साडेसहा. चिरंजीवांचं ॲप, उशिराचा खर्च ३, आकार २०, गुण ०.१५. इथं कच्चा माणूस घाबरतो. तुम्ही आकडे परत भरा. चिरंजीवांना विचारा ॲप किती मोठं आहे, ते म्हणतील एका वीकएंडचं काम, म्हणून आकार १. उशीर झाला तर? तर सगळं मार्केट हातचं जाणार, म्हणून २०. गुण वीस, पहिला नंबर. यात कुठंही खोटं नाही, एक्सेल आहे, फॉर्म्युला आहे, वर हिरवा रंग आहे. उत्तर आधी ठरवून गणित मांडणं ही काय आजची कला नाही, आपल्याकडं सोयरिकी अशाच जुळतात.

लीनकडं वळू. लीन हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफचिकनं दिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून टोयोटात ताइची ओनो आणि त्यांची माणसं हे काम करतच होती, पण त्यांना हेड, ट्रान्सफॉर्मेशन नव्हता बिचाऱ्यांना. ओनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं आलं, वाट बघणं आलं, साठा आला. यातलं काहीही साहेबांच्या केबिनमध्ये सापडू शकतं, सहीसाठी सहा-सहा दिवस पडून राहिलेली फाइल म्हणजे वाट बघणंच की. म्हणून तिकडं शोधू नका. चार वाजताचा चहा शोधा. तिकडं माणसं उभी दिसतात, फोटो चांगला येतो, आणि चहाबरोबरची मिरची भजी बंद केली की महिन्याअखेरीला बचत दाखवता येते.

ओनो म्हणे माणसाला शॉप फ्लोअरवर खडूच्या वर्तुळात उभं करायचे आणि तासन् तास नुसतं बघायला लावायचे. तुम्ही पण जा, सकाळी साडेनऊला, भट्टी तापायच्या आत. हेल्मेट नवीन घाला.

टोयोटाची एक गोष्ट मात्र मालकांना सांगायची नाही. १९५० ला कंपनी अडचणीत आली, कामगार कमी करायची वेळ आली, संप झाला, आणि शेवटी अध्यक्ष किइचिरो टोयोडा स्वतःच राजीनामा देऊन घरी गेले. बदलाची ही पायरी आपल्या रोडमॅपमध्ये नाही. तिथली लाइन थांबवायची दोरी, ती मात्र जरूर बसवा, कुठल्याही कामगारानं चूक दिसली की ओढायची, सगळी लाइन थांबते, पाहुण्यांना दाखवायला झकास. फक्त एचआरला सांगून ठेवा, कोण ओढतंय त्याचं नाव लिहून घ्यायला. महिन्याभरात दोरीवर धूळ बसेल, म्हणजे क्वालिटी सुधारली.

ॲजाईलचं तर विचारूच नका. २००१ ला अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला सतरा सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी लिहून ठेवलं की प्रोसेस आणि टूलपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोठं. त्यामुळं तुम्ही आधी टूल घ्या, दीडशे लायसन्सचं. प्लॅनला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला उत्तर देणं मोठं असं पण ते म्हणाले, यात आपल्याला शिकण्यासारखं काही नाही, आपला प्लॅन सकाळी आठला होतो आणि साडेआठला गिऱ्हाइकाचा फोन आला की संपतो. रोजची मीटिंग पंधरा मिनिटांची, उभ्यानं. पहिल्या आठवड्यात उभ्यानं होईल, दुसऱ्यात कोणीतरी टेकेल, तिसऱ्यात खुर्च्या येतील, आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा कुंदा आला की ती दुपारपर्यंत चालेल.

पैशाचं थोडक्यात. पुस्तकी पद्धत सांगते, प्रोजेक्टला पैसे देऊ नका, एखादा माल ड्रॉइंगपासून डिस्पॅचपर्यंत जातो त्या अख्ख्या वाटेला (तिलाच स्ट्रीम म्हणतात) द्या आणि दर तीन महिन्यांनी परत बघा. तुम्ही डिपार्टमेंटच्या पाट्या बदला, पॅटर्न शॉप स्ट्रीम, फेटलिंग स्ट्रीम, मशीनिंग स्ट्रीम. बजेट एप्रिलमध्येच ठरू दे, मार्चमध्ये उरलेलं संपवायला सगळ्यांची धावपळ होऊ दे.

लोक विरोध करणार. जॉन कॉटर नावाच्या प्राध्यापकानं १९९६ ला बदलाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, पहिलीच पायरी निकड जाणवून देणं. गेटवर बॅनर लावा, 'बदला नाहीतर संपाल'. खाली प्रायोजक म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याचं नाव आलं तर चालवून घ्या, त्यानं फ्लेक्सचे पैसे दिलेत.

वर्ष संपलं की रिव्ह्यू होईल. बेंगळुरूहून कोच येईल, टाय लावलेला, हुशार माणूस, आणि तो सगळी कार्डं वाचून एकच प्रश्न विचारेल की या वर्षात तुम्ही काय काय थांबवलं. अजिबात डगमगू नका. सांगा, त्यावरच काम चालू आहे, कुठली कामं बंद करायची हे ठरवायला एक कमिटी केलीय, तिला क्रॉस-फंक्शनल टीम म्हणा, अध्यक्ष चिरंजीव. एक नवीन कार्ड काढा, एकतिसावं, 'प्रोजेक्ट बंद करण्याचा प्रोजेक्ट', उशिराचा खर्च २०, आकार २०. बोर्डावर जागा नसेल तर मोठा बोर्ड घ्या, पण सरळ ऑर्डर देऊ नका, पर्चेसला सांगा तीन कोटेशन मागवायला, आणि त्याचं पण एक कार्ड लावा.