घुडखर बघायला जाताना

कच्छच्या छोट्या रणात जायचं ठरलं की आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. माणसं किमान अकरा घ्या. दोघा-तिघांत प्राणी दिसतात, पण मजा येत नाही.

कुणीतरी 'जुलैत स्वस्त पडेल' म्हणेल. त्याला समजावण्यात दोन आठवडे जाऊ द्या. पावसाळ्यात ते रण पाण्याखाली असतं आणि अभयारण्य बंद, हे त्याला शेवटी गूगलच सांगेल.

विरमगामला उतरून दसाड्याकडे मुक्काम ठोका. जीपवाला पहाटे सहाला बोलावेल, तुम्ही सव्वासातला उगवा. पोट साफ झाल्याशिवाय आपला माणूस जंगलात जात नाही, हे गुजरातलाही कळलं पाहिजे. सगळ्यांनी पोपटी टी-शर्ट घाला. रणात मैलोन्‌मैल झाड नाही, नुसती भेगाळलेली सपाट जमीन. तिथे तुम्ही दोन किलोमीटरवरून दिसायला हवात.

घुडखर म्हणजे रानगाढव. दिसायला फार देखणं: भुरकं अंग, पांढरं पोट, पाठीवरून गेलेला गडद पट्टा. पण ते दिसताच पहिलं वाक्य 'अरे, हे तर आपल्या सोसायटीचे चेअरमन!' हेच असावं. जीपवाला सांगू लागेल की साथीच्या रोगांनी १९६०च्या दशकात हे शेकड्यांवर आले होते, मग १९७३ साली अभयारण्य झालं, आणि २०२४च्या गणनेत ते ७,६७२ भरले. त्याचं बोलणं ऐकू येऊ नये एवढाच स्पीकरचा आवाज ठेवा.

एकच आकडा मात्र लक्षात ठेवा. ते ताशी ७० किलोमीटरपर्यंत पळतं. म्हणजे पळवून बघायलाच हवं! जीपवाला नाही म्हणेल, हात जोडेल. पाचशेची नोट दाखवा. तरीही नाही म्हणाला तर सगळे मिळून टपावर थापा मारा, काम होतं. क्रौंचांचा थवा उतरलेला असेल तर तोही आपोआप उडेल. एका दगडात दोन पक्षी.

वाटेत 'गांडो बावळ' या झुडपाच्या नावावर पाच मिनिटं हसा. त्याचा अर्थ वेडी बाभूळ असा साधाच आहे, पण अर्थ कोण विचारतो? हसून झालं की बाकरवडीचं रिकामं पाकीट वाऱ्यावर सोडा. ते तिच्याच काट्यांत अडकतं आणि परतीच्या वाटेची खूण होते.

मग अगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या, मिठागरावर थांबा. जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, वाफ्यांत सोडायचं, दंताळ्याने ओढत राहायचं. वर्षाचे सात-आठ महिने घरदार तिथेच. त्या बाईला विचारा, 'एवढ्या उन्हात करता कशाला? मीठ तर किती स्वस्त मिळतं!' तिच्या फुटलेल्या टाचांचा फोटो घ्या, क्लोजअप. ती बिनदुधाचा चहा पुढे करेल. तो अर्धा टाका, आणि निघताना झोपडीशेजारच्या पिंपातलं पाणी मागून हात धुवा, कारण हाताला मीठ लागलेलं असतं. ते पाणी टँकरने येतं, कधी येतं ते टँकरवाल्यालाच ठाऊक. पण तुम्हाला काय, तुम्ही संध्याकाळी शॉवर घेणार.

रात्री फोटो बघायला बसा. अकरा जणांचे मिळून चौदाशे. धूळ, धूळ, चेअरमनवाल्याची सेल्फी, धूळ, आणि पळणाऱ्या घुडखरांचे पार्श्वभाग, सर्व कोनांतून.

सकाळी नाश्त्याला शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं असेल. त्यांच्याशी चुकूनही बोलू नका. ती दोघं काल रणातल्या एका बेटावर, म्हणजे उंचवट्यावर, इंजिन बंद करून दोन तास नुसती बसून होती, असं जीपवालाच सांगत होता. आजींच्या वहीत पेन्सिलीने काढलेलं एक घुडखर असेल. चेहऱ्यासकट.