बोर्ड वाजला म्हणून पॉइंट मिळत नाही

रविवारी इथे सोलापुरात एका शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची मॅच होती, पंच मी होतो. शेवटचं मिनिट. ले-अप (बास्केटच्या अगदी जवळून उडी मारून टाकलेला शॉट) गेला, डिफेंडरने ब्लॉकसाठी उडी मारली, बॉल हुकला आणि त्याचा पंजा धाडकन बोर्डावर, म्हणजे रिंगमागच्या फळीवर, आदळला. बास्केट झाली नाही. आख्खा बेंच उभा, "पॉइंट द्या की ओ सर!" मी शिट्टी वाजवली नाही. नंतर एका पालकांनी गेटपर्यंत माझा पिच्छा पुरवला.

आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. बॉल रिंगला टेकलेला असताना कुणी बोर्डाला किंवा बास्केटला हात लावला, तर तो इंटरफिअरन्स, म्हणजे शॉटमध्ये बेकायदा अडथळा. डिफेंडरने केला तर शॉटप्रमाणे २ किंवा ३ पॉइंट द्यायचे. रविवारी बॉल अजून हवेत होता. अशा वेळी एकच प्रश्न उरतो: बोर्ड इतका हलला का, की जाणारा बॉल त्यामुळेच गेला नाही? ते पंचाने ठरवायचं. नियमात सेंटिमीटर दिलेले नाहीत.

आणि आपले बोर्ड कसे आहेत? उन्हात तापलेला लोखंडी खांब, सैल झालेले बोल्ट. रिंग ३.०५ मीटरवर, बोर्डाची खालची कड २.९० वर; दहावीतल्या उंच पोराचा हात उडी मारली की सहज पोचतो. साध्या शॉटनेही रिंग थरथरत राहते. म्हणून मॅचआधी मी स्वतः बॉल जोरात बोर्डावर मारतो आणि रिंग किती वेळ हलते ते बघतो. ते माहीत नसेल, तर हाताने हलली की आपोआप, हे कशावरून सांगणार?

बऱ्याच वर्षांपूर्वी मी नुसत्या आवाजावर दोन पॉइंट दिले होते. बोर्डाखाली लीडला (बास्केटजवळच्या पंचाच्या जागी) होतो, नजर खेळाडूंच्या अंगावर. बॉल बघायचं काम ट्रेल पंचाचं, म्हणजे मागे उभ्या दुसऱ्या पंचाचं, तो गप्प होता. मॅच एका पॉइंटने गेली. हरलेल्या टीमचा पोरगा हळूच म्हणाला, "सर, बॉल रिंगवर होता का ओ?" मला सांगता आलं नाही. तो प्रश्न अजून टोचतो.

ब्लॉकचा प्रयत्नच नसताना शूटरला बिचकवायला कुणी बोर्ड बडवला, तर टेक्निकल फाऊलचा (गैरवागणुकीबद्दलच्या फाऊलचा) विचार जरूर करावा. रविवारचा पोरगा मात्र खराखुरा बॉलसाठी उडाला होता. त्याला मी शिक्षा देणार नव्हतो, आजही देणार नाही.

शनिवारी त्याच कोर्टवर पुढची मॅच आहे. शाळेतल्या सरांना फोन करून सांगितलंय, त्याआधी डाव्या बाजूच्या बोर्डाचे बोल्ट आवळून घ्या.